ज्याने घोडा थांबवला, त्याचं नाव पुकारा

इंग्लंड-आयर्लंडमधल्या उडीच्या शर्यतींचे जॉकी आणि ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींचे नियम ठरवणारी ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी (बीएचए) यांना खुलं पत्र

मित्रहो,

तुमच्यापैकी कुणाशीही माझी ओळख नाही. मी लिव्हरपूलच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढते. घर एन्ट्री नावाच्या रेसकोर्सपासून बसने वीस मिनिटांवर आहे. एप्रिलमध्ये तिथे ग्रँड नॅशनल ही मोठी शर्यत असते, त्या तीन दिवसांत आमच्या बसथांब्यावर पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका आणि नव्या बुटांनी पाय सोललेले पुरुष उभे असतात, तुमच्या जगाशी माझा संबंध म्हणावा तर तेवढाच. पण माझे वडील चौतीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर सईस होते. पहाटे चारला उठायचं, चंदी द्यायची, खरारा करायचा, मग घोडा फिरवायला न्यायचा. आमच्या घराचं घड्याळ त्यावर चालायचं. माझ्या शाळेच्या फीपासून लग्नापर्यंत सगळं घोड्यांच्या जिवावर झालं. त्या नात्याने हे पत्र लिहिते आहे.

याची इंग्रजी प्रत तुम्हा दोघांनाही वेगळी पाठवली आहे. मूळ पत्र मात्र मराठीत लिहिलं, कारण घोड्याबद्दल मला जे काही कळतं ते वडिलांच्या तोंडून, मराठीतच कळलं. शिवाय ग्रँड नॅशनल आता पुण्या-मुंबईतली माणसंही मोबाइलवर बघतात. त्यांच्याही नजरेखालून हे जाऊ दे.

५ एप्रिल २०२५. त्या दिवशीची शर्यत मी घरी टीव्हीवर पाहिली. निक रॉकेट जिंकला. त्याच्यावर पॅट्रिक मुलिन्स होता, आणि त्याला तयार करणारे विली मुलिन्स, म्हणजे त्याचे वडील, कॅमेऱ्यासमोर लेकरासारखे रडले. आयुष्यभर मोठमोठ्या शर्यती जिंकलेल्या माणसाला पोराच्या विजयाने बोलता येईना. माझेही डोळे भरले, खोटं कशाला सांगू. आणि त्याच मैदानावर, शेवटच्या फेन्सच्या, म्हणजे उडी मारून ओलांडायच्या अडथळ्याच्या, अलीकडे-पलीकडे, तेरा वर्षांचा एक घोडा संपत आला होता. सेलेब्र डॅलन त्याचं नाव. बराच वेळ तो पुढच्या घोड्यांत होता. मग त्याचं बळ सरलं. तो मागे पडत गेला, शेवटची फेन्स ओलांडून थोडा पुढे आला आणि कोसळला. पशुवैद्यांनी तिथेच उपचार केले, तो उठून स्वतःच्या पायांनी घोड्यांच्या रुग्णवाहिकेत चढला. सगळ्यांना हायसं वाटलं. मंगळवारी तो गेल्याची बातमी आली. शवविच्छेदनात फुप्फुसांचा तीव्र संसर्ग आढळला.

शर्यतीच्या दिवशीच स्टुअर्ड्सनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याच्या जॉकीवर दहा दिवसांची बंदी घातली होती. शेवटून दुसऱ्या फेन्सनंतर घोड्यात काही उरलं नव्हतं, तो उघडपणे मागे पडत होता, तरी धावत ठेवला, असं त्यांचं म्हणणं. त्या जॉकीचं नाव मी इथे घेत नाही. त्या आठवड्यात त्याला इंटरनेटवर ज्यांनी शिव्या घातल्या, त्यांच्यातल्या बहुतेकांनी घोड्याच्या पाठीला कधी हात लावला नसेल. एका माणसाला धरून झोडपलं की बाकीच्यांना झोप लागते. मला बोलायचंय ते त्या दोन फेन्समधल्या क्षणाबद्दल. तो क्षण तुमच्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला वर्षातून कितीदा तरी येतो. तेव्हा तुमच्या हातात लगाम असतो, आणि तुमच्या भोवतीचं सगळं जग ‘चल, चल’ म्हणत असतं.

आमच्याकडे रेसकोर्सच्या भाषेत एक शब्द आहे: ‘खेचला’. ‘जॉकीने घोडा खेचला’ म्हणजे त्याने पैसे खाल्ले, जिंकणारा घोडा मुद्दाम मागे ठेवला. महालक्ष्मी असो की पुणे, स्टँडमध्ये याहून मोठी शिवी नाही. माझ्या लहानपणी एका रविवारी वडील ज्याची निगा ठेवत तो घोडा शर्यतीतला फेवरिट होता. काळाभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. शेवटच्या वळणावर तो दुसरा होता, आणि सरळ पट्ट्यावर येताच जॉकी उभा राहिला, लगाम आवळला आणि घोडा बाहेरच्या बाजूला घेतला. स्टँड उसळलं. ‘खेचला, खेचला!’ चपला, पाण्याच्या बाटल्या, चुरगाळलेली रेसबुकं, जे हाताला येईल ते कठड्यावरून आलं. जॉकी खाली उतरून घोड्याला चालवत आणत होता आणि लोक त्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होते.

वडील धावत गेले. त्यांनी आधी जॉकीकडे पाहिलंही नाही. ते खाली बसले आणि घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाला, गुडघ्याच्या खाली मागच्या बाजूने, हाताची पालथी बाजू लावली. ती त्यांची रोजची सवय. तळवा राठ असतो, त्याला ऊब कळत नाही. पालथ्या हाताला कळते. शीर, म्हणजे हाडामागची कंडरा, तव्यासारखी तापली होती. आणखी शंभर पावलं पडली असती तर ती तुटली असती, आणि मग पडद्याआड गोळी. तो घोडा पुन्हा शर्यतीत धावला नाही, पण त्यानंतर अकरा वर्षं जगला. रायडिंग शिकणाऱ्या पोरांना पाठीवर घेऊन फिरायचा. संध्याकाळी वडिलांनी त्या जॉकीला पागेत बसवून स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. तो काही बोलला नाही, वडीलही नाही. घरी आल्यावर मात्र आईला म्हणाले, “जॉकीच्या बुडाला आधी कळतं, मग सईसाच्या हाताला. मालकाला कळतं सगळ्यात शेवटी. आणि स्टँडला तर कधीच नाही.”

पुण्यात सपाट शर्यती होतात, मैल-दीड मैलाच्या. तुमची ग्रँड नॅशनल सव्वाचार मैलांच्याही थोडी वर, जवळजवळ सात किलोमीटर, त्यात तीस उड्या, आणि शेवटच्या फेन्सपासून विजयाच्या खांबापर्यंत ४९४ यार्डांचा सरळ पट्टा. त्या पट्ट्यावर भलेभले विरघळतात. मी इथे आले तेव्हा ही शर्यत पहिल्यांदा पाहून वडिलांना फोन केला होता. त्यांचा पहिला प्रश्न कोण जिंकलं हा नव्हता. “किती जॉकी मधेच उतरले?” त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. “मग बरे लोक आहेत,” म्हणाले.

तुमच्या बाजूने नेहमी एक गोष्ट सांगितली जाते. जॉकी पडला तरी मोकळा घोडा कळपाबरोबर धावत राहतो, उड्या मारत राहतो, म्हणजे त्याला हे आवडतं. यात खोटं काही नाही. घोड्याला धावायला आवडतं हे मी पाळण्यापासून पाहिलंय. पण हीच गोष्ट मला उलटीकडून घाबरवते. २०१२ च्या ग्रँड नॅशनलमध्ये सिंक्रोनाइज्ड नावाचा घोडा बेचर्स ब्रुक या फेन्सला पडला. त्याच वर्षी चेल्टनमची गोल्ड कप जिंकलेला, पाठीवर ए. पी. मकॉय, म्हणजे ज्याच्या नावावर उडीच्या शर्यतींतले ४,३४८ विजय आहेत तो माणूस. पडला तेव्हा घोडा उठला, आणि पाठीवर कुणीही नसताना बाकीच्यांबरोबर धावत सुटला. पुढच्या फेन्सेस त्याने एकट्याने घेतल्या आणि त्यांतल्याच एकीवर पाय मोडून घेतला. त्याला कुणी चाबूक मारत नव्हतं, कुणी टाच देत नव्हतं. थांबायचं कधी हे त्याला कळत नव्हतं, एवढंच.

घोडा हा भक्ष्य होऊन जगलेला प्राणी आहे. कळपात मागे राहील तो मरेल, हे त्याच्या रक्तात आहे. दुखलं तरी तो दाखवत नाही, दमला तरी धावतो. आणि त्याचं शरीरही या कामी त्याला साथ देतं. विश्रांतीत मिनिटाला तीस-चाळीस वेळा पडणारा ठोका भरधाव धावताना दोनशेच्या वर जातो. प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात ओतल्या जातात. दौडीत एका झेपेला एक श्वास, असं गणित बसतं. तो तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने. म्हणून दमलेल्या घोड्याच्या नाकपुड्या आतून लालभडक दिसतात. झेप अडखळायला लागली की श्वासही अडखळतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा शंभरपटीने कळतं. पाठ ताठ होते, मान जड होते, उडीच्या आधीचं पाऊल एक कमी किंवा एक जास्त पडतं, पुढचा पाय फेन्सच्या फांद्यांत घासून जातो. टीव्हीवर आम्हाला यातलं काहीच दिसत नाही. तुमच्या मांड्यांना ते सगळं कळतं. म्हणून म्हणते, की त्या मैदानावर थांबायचं कधी हे ज्याला कळतं असा जीव एकच असतो, आणि तो घोडा नव्हे.

हाडांचं तर माझं रोजचंच काम आहे. माणसाचं कॉलरबोन मोडलं की आम्ही फोटो काढतो, पट्टा बांधतात नाहीतर प्लेट बसवतात, आणि काही आठवड्यांत माणूस कामावर. तुमच्यातले कित्येक जण तर डॉक्टरांशी भांडून लवकरच परततात. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नसतो, नुसतं हाड, शिरा आणि कातडी. त्याला पलंगावर निजवून ठेवता येत नाही. मोडका पाय उचलला की पाचशे किलोंचा भार उरलेल्या पायांवर येतो आणि मग त्या पायांचे खूर आतून सुजायला लागतात. म्हणून हिरवा पडदा ओढला जातो आणि त्याआड घोड्याला मरण देतात. माझ्या कामात मी रोज जे जोडताना बघते, ते त्या पडद्यामागे जोडता येत नाही. हे मनातून जात नाही.

आता नियमांकडे येते, कारण घोडं तिथेच अडलंय.

तुमच्या नियमपुस्तकात एकीकडे लिहिलंय की जॉकीने घोड्याला शक्य तितका वरचा नंबर मिळवून देण्यासाठी सगळा प्रामाणिक प्रयत्न केला पाहिजे. तो केला नाही तर चौकशी, बंदी. पैसे लावणाऱ्याची फसवणूक होऊ नये म्हणून तो नियम आहे, आणि तो हवाच. दुसरीकडे लिहिलंय की घोड्याच्या हिताविरुद्ध त्याला धावत ठेवू नये. तिथेही बंदी. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. पण दोघांच्या मध्ये जी जागा आहे ती तुम्ही एकट्या जॉकीच्या अंगावर टाकली आहे, ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वेगात, चिखल डोळ्यांत उडत असताना. आणि त्याला ढकलणारे हात किती आहेत बघा. ग्रँड नॅशनलचं एकूण बक्षीस दहा लाख पौंडांचं, आणि ते दहाव्या नंबरापर्यंत वाटलं जातं. बुकी पाचव्या-सहाव्यापर्यंत पैसे देतात. जॉकीला एका राइडची फी दोनशे पौंडांच्या घरात, त्यातून एजंट, प्रवास, सामान. जास्त मिळतं ते बक्षिसातल्या वाट्यातूनच. आणि सगळ्यात वर भीती ही, की घोडा थांबवला तर मालक किंवा ट्रेनर पुढच्या खेपेला त्याच घोड्यावर दुसऱ्याला बसवेल. त्याचं कारण कुणी कागदावर लिहीत नाही. फोन येत नाही, एवढंच.

मग शर्यतीनंतर रेकॉर्डमध्ये काय उरतं? घोड्याच्या नावापुढे एक अक्षर: ‘पी’. पुल्ड अप. पडला तर ‘एफ’, जॉकी उडाला तर ‘यू’, थांबवला तर ‘पी’. पुढच्या शर्यतीच्या पानावर ते ‘पी’ डागासारखं दिसतं. पाय वाचवण्यासाठी योग्य वेळी थांबवलेला घोडा आणि कंटाळून धावणं सोडलेला घोडा, दोघांनाही तेच अक्षर. ज्या निर्णयाने एक जीव वाचला त्याला तुमच्या हिशेबात वेगळा रकानाच नाही.

सुधारणा झाल्या नाहीत असं मी म्हणणार नाही. शर्यत १८३९ पासून चालू आहे, आणि गेल्या चाळीस वर्षांत तिच्यात जेवढा बदल झाला तेवढा आधीच्या दीडशे वर्षांत झाला नसेल. १९८९ साली बेचर्स ब्रुकला दोन घोडे गेले, मग तिथला खड्डा भरून उतार कमी केला. २०११ आणि २०१२ या दोन वर्षांत चार गेले, मग फेन्सच्या आतलं लाकूड काढून वाकणारं प्लास्टिक घातलं. २०२३ साली प्राणीहक्कवाले कठडा ओलांडून आत घुसले, ११८ जणांना अटक झाली, शर्यत उशिरा सुटली, आणि पहिल्याच फेन्सला हिल सिक्स्टीन मेला. मग २०२४ पासून चाळीसऐवजी जास्तीत जास्त चौतीसच घोडे, पहिली फेन्स सुरुवातीच्या जागेच्या साठ यार्ड जवळ आणली, म्हणजे तिथे पोचेपर्यंत फार वेग येऊ नये. त्या वर्षी धावलेले बत्तीसच्या बत्तीस सुखरूप घरी आले. घोड्याला नारंगी रंग आपल्यासारखा दिसत नाही हे संशोधनातून कळल्यावर फेन्सच्या नारंगी पट्ट्या पांढऱ्या केल्या. हे मला सगळ्यात आवडलं, कारण इथे कुणीतरी घोड्याच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला. चाबकाचंही तसंच: उडीच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा, चार जास्त झाले तर घोडा सरळ बाद.

पण यातलं बहुतेक वरातीमागून घोडं आहे. आधी मरण, मग बोंब, मग समिती, मग बदल. आणि जवळजवळ सगळे बदल लाकडात, मातीत, आकड्यांत. लगामावरच्या हाताला बळ देणारा बदल मला त्यात शोधूनही सापडत नाही. त्या हातासाठी फक्त शिक्षा आहे, तीही घोडा कोसळल्यावर.

आमच्या महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतीवरून असंच रण माजलं होतं. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने त्या थांबवल्या, मग विधिमंडळाने कायदा केला, आणि २०२३ साली घटनापीठाने तो उचलून धरला. त्या सगळ्या काळात गावोगाव एकच वाक्य ऐकू यायचं: आम्ही बैल पोटच्या पोरासारखा सांभाळतो. तुमच्याकडेही प्रत्येक घोडा गेल्यावर ट्रेनर हेच म्हणतात, आणि मला ते खरं वाटतं. तुमच्या पागांत काम करणाऱ्या मुली घोड्याच्या गळ्याला बिलगून रडताना मी पाहिल्यात. रिकामी मोहरकी हातात घेऊन परतणारी मुलगी पाहिली की मला वडील आठवतात. पण पोटच्या पोराला ताप असेल तर आपण त्याला शर्यतीला पाठवत नाही, आणि वाटेत भोवळ आली तर ‘थोडंच राहिलंय’ म्हणत नाही. प्रेम आहे यावर माझा वाद नाही. त्या प्रेमाला त्या दोन फेन्समध्ये काही अधिकार आहे का, एवढंच विचारते.

या शर्यतींवर बंदी हवी म्हणणाऱ्यांना मी वेडं समजत नाही. उडीच्या शर्यतीत घोडा उतरण्याच्या दर हजार खेपांमागे साधारण चार घोडे परत येत नाहीत. तुमचे लोक तो आकडा फार कमी आहे म्हणून सांगतात, ते लोक तोच आकडा फार मोठा आहे म्हणून सांगतात. मी ज्या घरात वाढले त्या घराचं पोट घोड्यांवर होतं, त्यामुळे बंदी म्हटलं की मला आधी पागेतली माणसं दिसतात, आणि धावण्यासाठीच जन्माला घातलेले हजारो घोडे मग कुठे जातील हा प्रश्न दिसतो. पण दर एप्रिलला एक पडदा ओढायचा आणि पुढच्या एप्रिलपर्यंत विसरायचं, हेही मला जमत नाही.

तुम्ही स्वतः काय पणाला लावता हे मला माहीत आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मायकल ओ’सलिव्हन थर्ल्सच्या शर्यतीत पडला आणि दहा दिवसांनी गेला, चोवीस वर्षांचा होता. २०२१ साली लॉर्ना ब्रूक टॉन्टनला पडून गेली. जखमी जॉकींसाठीचा तुमचा निधी १९६४ साली उभा राहिला, तोही असेच दोन जण पाठीच्या कण्यातून मोडल्यावर. ज्यांच्या कामाच्या वेळी मागून रुग्णवाहिका धावते असे लोक जगात कितीसे असतील? म्हणून तुम्हाला घोड्याची पर्वा नाही असं म्हणणारा माणूस मला पटत नाही. त्याच्या पाठीवर तुमचाही जीव असतो. दमलेल्या घोड्याला फेन्सवर घालणं तुमच्याही जिवावरचं आहे.

आणि चूक स्वतःकडे घ्यायची रीत तुमच्यात आहे. १९७३ साली क्रिस्प नावाचा मोठा ऑस्ट्रेलियन घोडा बारा स्टोन (सुमारे ७६ किलो) वजन घेऊन सगळ्यांना खूप मागे टाकत आला. शेवटच्या पट्ट्यावर तो झिंगल्यासारखा चालायला लागला, आणि रेड रम नावाच्या घोड्याने अगदी खांबाजवळ त्याला गाठून घोड्याच्या पाऊण लांबीने हरवलं. क्रिस्पवर रिचर्ड पिटमन होते. आपण चाबूक उचलला तिथेच घोड्याचा तोल गेला, चूक माझी, असं ते पुढे आयुष्यभर सांगत राहिले. घोड्याला दोष नाही, वजनाला नाही, नशिबाला नाही. एका शर्यतीतल्या एका हालचालीबद्दल असं बोलणारा माणूस ज्या धंद्यात असतो, त्या धंद्याशी बोलण्यात अर्थ आहे.

म्हणून बीएचएकडे माझं मागणं आहे. निकाल पुकारताना पहिला, दुसरा, तिसरा यांच्यामागोमाग लाउडस्पीकरवर हेही पुकारा, की अमुक जॉकीने अमुक घोडा अमुक फेन्सच्या आधी थांबवला आणि घोडा चालत परत आला. नाव घ्या. लोकांना टाळी वाजवायला शिकवावं लागतं, ती आपोआप येत नाही. पशुवैद्याच्या सांगण्यावरून किंवा थकव्यामुळे थांबवलेल्या घोड्यासाठी त्या ‘पी’च्या जागी वेगळं अक्षर द्या. घोडा योग्य कारणाने थांबवल्याचं पशुवैद्याने लिहून दिलं आणि तरी त्या जॉकीला त्या घोड्यावरून उतरवलं, तर ट्रेनरला कारण लेखी विचारा. नुसतं विचारलं तरी पुष्कळ होईल. आणि नवव्या-दहाव्या नंबराचं बक्षीस कशाला हवं? दमलेल्या घोड्याला रडतखडत खांबापर्यंत आणायला ते पैसे कारण होतात. ते काढून, सुखरूप परतलेल्या प्रत्येक घोड्याच्या सईसाला वाटा. तुमच्याकडे त्यांना लॅड म्हणतात, मुलगी असली तरी.

लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीत, एन्ड्युरन्समध्ये, टप्प्याटप्प्यावर घोडा थांबवून त्याची नाडी मोजतात. ठोके चौसष्टपर्यंत उतरले नाहीत तर स्वार कितीही मोठा असो, पुढे सोडत नाहीत. नॅशनलमध्ये मधेच थांबवून नाडी मोजता येणार नाही, मान्य. पण घोड्यांबरोबर गाडीतून पशुवैद्य येतातच. शेवटच्या दोन फेन्सच्या आधी, पार मागे पडलेल्या घोड्याच्या जॉकीला खूण करून थांबवायचा अधिकार त्यांना का असू नये? जॉकीच्या डोक्यावरचा निम्मा भार त्याने उतरेल. ‘मला थांबवलं’ असं मालकाला सांगणं ‘मी थांबवलं’ म्हणण्यापेक्षा विशीतल्या पोराला सोपं जातं.

आणि जॉकींनो, तुमच्याकडे एकच मागते. वजनाच्या खोलीत, जिथे शर्यतीआधी-नंतर तुमचं वजन होतं आणि आम्ही कुणी येत नाही, तिथे याबद्दल बोला. आज कोण जिंकलं यावर तुम्ही बोलताच. कुणी कुठे थांबवला आणि तेव्हा त्याला बुडाखाली काय कळलं, यावर ज्येष्ठांनी शिकाऊ पोरांशी बोलावं. ते शिकवता येईल असं पुस्तक नाही. वडिलांनी मला पालथ्या हाताची गोष्ट पुस्तकातून सांगितली नव्हती, माझा हात धरून घोड्याच्या पायावर ठेवला होता.

मागच्या हिवाळ्यात वेल्सच्या सीमेवरच्या एका छोट्या कोर्सवर गेले होते. तिथे स्टँडच नाही, लोक टेकडीच्या उतारावर उभे राहून बघतात. पाऊस नुकताच थांबला होता. तीन मैलांच्या शर्यतीत एक तपकिरी घोडा शेवटून तिसऱ्या फेन्सपर्यंत चौथा होता. त्याच्यावरचा पोरगा फार तर वीस-एकवीसचा असेल. फेन्सच्या आधी त्याने घोड्याला उजवीकडे काढलं, दौड, मग दुडकी, मग चाल. उतरला, पोटपट्टा दोन भोकं सैल केला, हेल्मेट काढून काखेत घेतलं आणि लगाम धरून चिखलातून चालायला लागला. कठड्यापाशी उभ्या असलेल्या एका माणसाने हातातलं तिकीट फाडून त्याच्या दिशेने फेकलं आणि काहीतरी ओरडला. पोरगा मान खाली घालून चालत राहिला. घोडा धापा टाकत होता, त्याच्या अंगातून वाफा निघत होत्या, आणि मध्येच त्याने पोराच्या खांद्यावर नाक घासलं. ते माझ्यापासून दहा हातांवरून गेले. मी टाळ्या वाजवल्या. एकटीच वाजवत होते, म्हणून पोराने दचकून वर पाहिलं.

येत्या एप्रिलमध्ये मी एन्ट्रीला त्या ४९४ यार्डांच्या कठड्यापाशी उभी असेन, पण खांबाजवळ नाही. शेवटच्या फेन्सपाशी, जिथून थांबवलेले घोडे चालत येतात तिथे. माझ्याबरोबर माझी मुलगी असेल आणि जमलं तर हॉस्पिटलातल्या चार मैत्रिणी. तुमच्यापैकी जो कुणी घोडा चालवत तिथून येईल, त्याला आमच्या टाळ्या ऐकू येतील एवढ्या जोरात वाजवू.

आपली,
एका सईसाची मुलगी
लिव्हरपूल